गच्चीवरची फळझाडं : थोडा इतिहास

आपल्या इमारतीच्या गच्चीवर आज लिंबू, डाळिंब, पेरू, अंजीर अशी फळझाडं ड्रमांत उभी आहेत. पाहुणे आले की आपण कौतुकानं त्यांना वर नेतो. नव्या बिऱ्हाडांना वाटतं, ही पेन्शनर मंडळींची हौस. हौस आहेच. पण लातुरात फळझाड गच्चीवर चढवायचं म्हणजे दोन गोष्टींशी गाठ होती : डोक्यावरची माती आणि हंड्यातलं पाणी. रौप्यमहोत्सवाच्या निमित्तानं ते लिहून ठेवतो.

आपल्याकडे घरी फळ पिकवणं नवीन नाही. लातूर काय, नांदेड काय, जुन्या वाड्यांत मोरीचं पाणी जिथं बाहेर पडायचं तिथं एक केळ, एखादी पपई, नाहीतर लिंबू असायचंच. त्यासाठी वेगळं पाणी कुणी घालत नसे. धुण्याभांड्याचं पाणी जायचं, झाड वाढायचं. नोकरीनिमित्त मी नांदेडला होतो तेव्हा गोदावरीकाठच्या जुन्या वस्त्यांतही हेच पाहिलं. तिथं नदी, वर विष्णुपुरीचा जलाशय, शिवाय अर्धापूरची केळी शेजारीच. तरीसुद्धा मोरीवरची केळ होतीच. फ्लॅट आले आणि ही मोरी पाइपात गेली. झाडाला जागा राहिली ती कुंडीची. कुंडी म्हटलं तर आपलं तुळशीवृंदावनही कुंडीच की, पण त्यात आंबा लावायचं कुणाच्या मनात आलं नाही!

फ्रान्सच्या राजानं मात्र ते केलं होतं. व्हर्सायच्या राजवाड्यात सतराव्या शतकात संत्र्याची झाडं लाकडी पेट्यांत वाढवत आणि हिवाळ्यात त्या पेट्या आत नेत. त्यांना भीती थंडीची. आपली भीती वेगळी होती.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाची रात्र उलटून पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. ती का गेली, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडावर टाकलेला मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार राहावं म्हणून दरसाल त्यावर आणखी माती पडायची. भूकंपात तीच माती झोपलेल्या माणसांवर आली. पुढं कित्येक वर्षं लातूरकर पक्क्या घरातही रात्री बाहेर झोपत.

आपली सोसायटी उभी राहिली तेव्हा या गोष्टीला जेमतेम सात वर्षं झाली होती. गच्चीवर फळझाडं लावायची चर्चा पहिल्यांदा निघाली तेव्हा एका आजींनी सांगितलं, "डोक्यावर माती नको रे बाबा. एकदा पाहिलंय." सभेत कुणी उत्तर दिलं नाही. देण्यासारखं नव्हतंच. हिशेबानंही आजी बरोबर होत्या. दोनशे लिटरचा ड्रम आडवा कापून त्यात आपली काळी माती भरली आणि ती भिजली, की एकेका अर्ध्या ड्रमाचं वजन दीडशे किलोच्या वर जातं. वापरायच्या गच्चीवर चौरस मीटरला साधारण दीडशे किलो भार धरलेला असतो. असे चार ड्रम कोपऱ्यात दाटीनं ठेवले की झालं.

यातून वाट निघाली ती पश्चिम महाराष्ट्रातून. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हे मूळचे गणिताचे माणूस. तासगाव भागातल्या द्राक्ष बागायतदारांना घेऊन त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. शेतकऱ्यानं स्वतः मोजावं, स्वतः पडताळावं आणि दुसऱ्याला सांगावं, ही त्यांची पद्धत. त्यांचं म्हणणं असं, की झाडाचं खरं भांडवल पानांवर पडणारं ऊन. माती आपल्याला पालापाचोळ्यापासून तयार करता येते. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी हे गच्चीवर उतरवलं. प्लास्टिकच्या पिशव्या आणि ड्रम घेऊन त्यांत उसाची चिपाडं, खत आणि थोडी माती. पुढं २००२ पासून मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी कामगारांच्या जेवणाचा ओला कचरा जिरवून फळबागच उभी केली. बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला यातली एक गोष्ट फार पटली : जमा बाजूला कचरा आणि ऊन, दोन्ही फुकट!

लातुरात चिपाडांना काय तोटा? रसवंतीवाला उचलून न्या म्हणतो. चिपाडं, वाळका पाला, स्वयंपाकघरातलं सालपट आणि पाचव्या हिश्शाइतकी माती, असं भरल्यावर ड्रम दोघांना उचलता येऊ लागला. ड्रम विटांवर, खाली हवा खेळती, आणि कॉलमच्या वर किंवा बीमच्या ओळीत. झाडं कलमी, बुटकी. दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून दिल्लीच्या पुसा संस्थेनं काढलेला आम्रपाली आंबा, राहुरी विद्यापीठाचं साई सरबती लिंबू. आजींनी स्वतः जिना चढून ड्रम हलवून पाहिला आणि मग होकार दिला.

पहिली गाठ अशी सुटली. दुसरी २०१६ साली पडली.

धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं. पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लागू झाली. महापालिकेचा टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली : दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली आणि ऑगस्टपर्यंत येत राहिली. ज्या वाटेनं आली तीही जुनीच. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. एके काळी तिथं बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी रखडत चालायची. गंमत पाहा, तासगाव-मिरजेच्याच बाजूनं ही बागेची विद्या आली आणि पाणीही.

तेव्हाच्या सभेत आवाज चढले. "माणसाला प्यायला रेल्वेनं पाणी येतंय आणि तुम्ही झाडांना घालता?" प्रश्न रास्तच होता. झाडं काढून टाका, असंही एकांनी म्हटलं. शेवटी ठराव झाला : टाकीचं, बोअरचं आणि टँकरचं पाणी गच्चीवर न्यायचं नाही. डाळ-तांदूळ, भाजी धुतलेलं आणि फिल्टर मशीनमधून वाया जाणारं पाणीच झाडांना. म्हणजे मोरीच परत आली म्हणा ना, फक्त बादलीतून जिना चढून.

केळ आणि पपई आठवड्यात गेल्या. आम्रपालीनं पानं टाकली, एक कायमचा वाळला. लिंबू, डाळिंब, अंजीर तग धरून राहिले. चिपाडं आणि पाल्यानं ओल धरून ठेवली. जून-जुलैत पाऊस आला आणि लिंबं अशी फुलली की पान दिसेना. बागायतदाराला यात नवल वाटणार नाही. लिंबाला ताण देऊन, मग पाणी देऊन बहार धरायची रीत जुनीच आहे. त्या वर्षी ताण दुष्काळानं दिला.

पावसाळा सरता सरता मांजरा भरलं. डिसेंबरात लिंबं उतरवली तेव्हा झाडं काढा म्हणणाऱ्यांच्या घरीही पिशवी गेली, आणि त्यांनी लोणचं घालून बरणी परत पाठवली. ठराव मात्र अजून तसाच लागू आहे. नळाला पाणी असतानाही टाकीचं पाणी गच्चीवर जात नाही.