दोष स्क्रीनचा नव्हे

‘प्रत्येकाची स्क्रीन वेगळी, रंग जुळणारच नाहीत, मग त्यात वेळ कशाला घालवायचा?’ वेबसाइटची कामं करणाऱ्यांत हे आता सिद्धांतासारखं बोललं जातं. पूर्वार्ध खराच आहे. एखादा फोन निळसर, एखादा पिवळट. कोणी भर उन्हात बघतो, कोणी नाइट मोड लावून. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला साफ नामंजूर आहे.

फोन पिवळट झाला की त्यातला पांढराही पिवळट होतो, आणि डोळा त्या पांढऱ्याच्या आधाराने बाकीचे रंग जोखतो. जांभळ्याशेजारचा राणी रंग बहुधा राणीच दिसतो. रंगांचं आपसातलं नातं खरं बिघडतं ते आपल्या हातून, फोटो साइटवर चढण्याआधी.

गेल्या वर्षी एका पैठणीच्या दुकानाचं काम माझ्याकडे होतं. पदरावरचे पोपट हातातल्या साडीत टवटवीत हिरवे, साइटवर मात्र सुकल्या मेथीसारखे. दुकानदार म्हणाले, “अहो, फोनचा दोष असेल.” चार फोन शेजारी शेजारी ठेवले. चारही ठिकाणी पोपट सारखेच मलूल! दोष फोनचा असता तर चार तऱ्हा दिसल्या असत्या. फोटो अडोबी आरजीबी या रंगपद्धतीत काढलेले होते आणि आकार कमी करताना मी त्यांची प्रोफाइल, म्हणजे फोटोतले रंगांचे आकडे कोणत्या पद्धतीतले हे सांगणारी नोंद, पुसून टाकली होती. ब्राउझरने ते आकडे एसआरजीबी या दुसऱ्या पद्धतीचे समजून वाचले.

लाल, हिरवा, निळा यांचे तीन आकडे म्हणजे रंग नव्हे. नुसतं ‘शंभर’ म्हटल्यावर रुपये की डॉलर हे विचारावं लागतं. तसंच कोणता हिरवा, हेही सांगावं लागतं. त्यासाठीच एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये एसआरजीबी सुचवला. १९९९ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. २०१६च्या आयफोन ७ पासून पी३ या आणखी विस्तृत पद्धतीतले जास्त गडद हिरवे-लाल दाखवणारे फोनही हाती आले. म्हणजे स्क्रीन वेगवेगळ्या आहेत, हे प्रोफाइल सोडून देण्याचं कारण नव्हे. ती जपण्याचं कारण आहे.

फोटो नीट एसआरजीबीत बदलून, प्रोफाइलसकट पुन्हा चढवले. पोपट चारही फोनवर हिरवे झाले, थोडे कमी-अधिक, पण पोपटच. अडली ती एकच साडी, धूपछाव. उभा धागा जांभळा, आडवा लाल. हलवली की रंग बदलतो. तिचे दोन बाजूंनी दोन फोटो टाकले.