भिंग स्वस्त झालं, बाकीचं नाही



आमच्या काशीगावच्या बचत गटाच्या कर्जवहीत 'कारण' असा एक रकाना आहे. शाळेची फी, घरभाडं, शिलाई मशीन ही तिथली नेहमीची कारणं. एका महिन्यात तिथे लिहिलं गेलं, "सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, 3,000 रुपये." बैठकीत कुणीतरी विचारलं, "अगं, ऑपरेशन तर फुकट होतं ना?" ताई म्हणाली, "ऑपरेशन फुकटच झालं. बाकीचं फुकट नव्हतं."

त्या 'बाकीच्या'चा इतिहास आज आपण पाहणार आहोत.

मोतीबिंदूवरचा इलाज आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत त्याचं वर्णन आहे. पुढे कित्येक शतकं गावोगाव फिरणारे लोक गढूळ झालेलं भिंग सुईने बाजूला ढकलत. उजेड दिसे, पण पुष्कळांचा डोळा पुढे कायमचा जाई. मुंबईत 1845 मध्ये जे. जे. रुग्णालय सुरू झालं आणि त्याच परिसरात पुढे सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून डोळ्यांचं रुग्णालय उभं राहिलं. गढूळ भिंग तिथे नीट काढलं जाई, पण त्या जागी दुसरं भिंग नसे. म्हणून आपल्या आज्यांच्या नाकावर तो जाडजूड चष्मा आला. तो फुटला की आजी पुन्हा आंधळी, आणि नवा चष्मा खिशातून.

हे बदललं ते हॅरोल्ड रिडले या इंग्रज डॉक्टरांमुळे. महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या खिडकीच्या प्लास्टिकचे तुकडे घुसले होते. डोळा त्या तुकड्यांना विरोध करत नाही, हे त्यांनी पाहिलं. 29 नोव्हेंबर 1949 रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी त्याच प्रकारच्या प्लास्टिकचं भिंग माणसाच्या डोळ्यात बसवलं. पण आपल्याकडच्या गरिबाला ते मिळायला पुढे चाळीसेक वर्षं लागली, कारण भिंग परदेशातून यायचं आणि एकेक 100 डॉलरच्या आसपास पडायचं.

1976 साली दोन गोष्टी घडल्या. केंद्र सरकारने अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, आणि मदुराईत डॉ. वेंकटस्वामी यांनी 11 खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय काढलं. अरविंदच्या लोकांना लवकरच एक गोष्ट कळली. शस्त्रक्रिया फुकट आहे असं सांगूनही माणसं येत नव्हती. गाडीभाडं कोण देणार, जेवायचं कुठे, सोबत कोण येणार, त्या दिवसाची मजुरी कोण भरून देणार? मग रुग्णालयाने माणसं आणायची आणि जेवणाची सोय केली. 1992 मध्ये त्यांच्याच ऑरोलॅबने भिंगं इथेच बनवायला घेतली आणि किंमत 10 डॉलरच्या आसपास आली. 1994 ते 2002 या काळात जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प चालला. त्यात आपला महाराष्ट्रही होता. जे. जे.च्या डॉ. तात्याराव लहाने यांनी आनंदवनापर्यंत जाऊन शिबिरं घेतली. रुग्णालयच माणसाजवळ गेलं की भाड्याचा प्रश्न सुटतो, तो असा.

आता ताईचा हिशेब बघा. काशीगावातून मीरा रोड स्टेशनपर्यंत रिक्षा, तिथून दादर, दादरला गाडी बदलून भायखळा. हे दोन माणसांचं, तेही तपासणीला, ऑपरेशनला आणि नंतर दाखवायला. सोबत ताईचे बुडालेले खाडे, बाहेरून आणलेले ड्रॉप, शेवटी जवळचं दिसायला चष्मा. झाले 3,000.

सरकारी हिशेबानुसार देशातल्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला. पण खाडा आणि सोबतीणीचा दिवस या आकड्यात धरलेला नसतो. तो दिवस बहुतेक वेळा बाईचाच असतो. आणि स्वतःच्या डोळ्यांची पाळी आली की तीच म्हणते, "पुढच्या वर्षी बघू."

आता कॉन्टॅक्ट लेन्स. मऊ लेन्स चेकोस्लोव्हाकियाच्या ओटो विख्तेर्ले यांनी 1961 च्या नाताळात घरच्या टेबलावर केली. मुलांच्या खेळण्यातले सुटे भाग आणि सायकलचा डायनामो जोडून त्यांनी यंत्र बनवलं होतं. 1971 मध्ये ती अमेरिकेत विकायला आली. पुढे ठरावीक दिवस वापरून टाकायच्या लेन्स आल्या आणि खर्चाची रीतच बदलली. चष्मा एकदा घेतला की वर्ष-दोन वर्षं निघतात. लेन्सचं मात्र लेन्स, सोल्युशन, डबी असं दर महिन्याचं बिल सुरू होतं. सरकारी कार्यक्रमात शाळकरी मुलांना चष्मा मोफत मिळतो. शौकाच्या लेन्सचा खर्च मात्र आपलाच.

आमच्या ओळखीतल्या एका मुलीने महिन्याची लेन्स तीन महिने चालवली आणि सोल्युशन वाचवायला ती नळाच्या पाण्याने धुतली. बुबुळावर जखम झाली. डोळा वाचला, पण पांढरा डाग राहिला. औषधपाण्याला वर्षभराच्या लेन्सपेक्षा जास्त पैसे गेले. लेन्सला पाणी लावू नये, ती घालून झोपू नये, मुदत संपली की टाकावी. हे परवडणार नसेल तर चष्माच बरा, त्यात कमीपणा नाही.

22 सप्टेंबर 2025 पासून चष्म्याच्या काचा आणि कॉन्टॅक्ट लेन्सवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला आहे. बिल मागा आणि तो आकडा वाचा. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांत 2006 च्या उच्च न्यायालयाच्या योजनेनुसार 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बलांना सवलतीत द्यायच्या असतात. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला उत्पन्नाचा दाखला घेऊन भेटा. कुठेही ऑपरेशन ठरलं की आधी विचारा: भिंग कोणतं, साधं चालेल का, ड्रॉप धरून किती, किती वेळा यावं लागेल?

आमच्या गटाने आता ठरवलंय. कुणाच्या डोळ्यांचं काम निघालं की सोबतीला जायची पाळी लावायची. एकीचाच रोज बुडायला नको. आणि कर्जवहीतल्या 'कारण' या रकान्यात सासूबाईंबरोबर कधीतरी आपलं स्वतःचंही नाव यायला हवं.