मानमोडीचा दसरा

पुण्याकडून आलेली बैलगाडी नीरा ओलांडते आणि तुम्ही शिरवळात उतरता. तारीख १५ ऑक्टोबर १९१८, विजयादशमी. नदीकाठी सुभानमंगळचे ढासळलेले बुरूज. महाराजांच्या पहिल्यावहिल्या लढाया इथल्याच. आज मात्र गावात हलगीही वाजत नाही. पावसाने दडी मारली ती मारलीच. बाजरी उभ्या उभ्या करपली, शाळू पेरायला ओल नाही. दारांवर झेंडूची तोरणं आहेत, पण आपट्याची पानं घेऊन कुणी कुणाच्या घरी जात नाही.

ओसरीवरून एक म्हातारा हाक मारतो, "पाव्हणं, मुंबईसनं आलासा का? मग हितनंच माघारी फिरा. घरोघर मानमोडी हाय."

सरकारी कागदावर या तापाचं नाव इन्फ्लुएंझा. धडधाकट माणूस चार दिवसांत मान टाकतो, म्हणून लोकांनी दिलेलं नाव मानमोडी. मला तेच खरं वाटतं. १० जूनला मुंबईच्या गोदीवरचे पोलीस शिपाई तापाने आडवे झाले, तेव्हा कुणाला फारसं काही वाटलं नव्हतं. सप्टेंबरात ताप परत आला तो जीवघेणा होऊन. ६ ऑक्टोबरच्या एका दिवसात मुंबईत ७६८ माणसं गेली. गिरण्या-गोदीतली घाटावरची माणसं जीव मुठीत धरून गावाकडे निघाली आणि ताप त्यांच्यासोबत घाट चढला.

एका घरात तुम्ही वाकून शिरता. चुलीवर सुंठ-तुळशीचा काढा उकळतोय. तो ढवळणारी पोरगी दहा वर्षांची असेल. आई घोंगडीवर पडलेली, वय तिशीच्या आतलं. हा ताप नेमका अशा भरल्या वयाच्या माणसांना गाठतो, त्यातही बायकांना जास्त. ती कोनाड्याकडे बोट दाखवते. तिथे एक कार्ड आहे. नवरा मराठा पलटणीत, मेसोपोटेमियात. १९१६ साली कुतला वेढ्यात सापडलेल्या फौजेने शत्रूपुढे शस्त्रं ठेवली, तेव्हा गावोगावच्या घरांत चूल पेटली नव्हती. याची तुकडी तेव्हा दुसरीकडे होती म्हणून हा वाचला. तुम्ही कार्ड वाचून दाखवता: खुशाल आहे, काळजी नसावी. ती म्हणते, "पुन्यांदा वाचा."

याच दुपारी तिकडे शिर्डीत साईबाबांनी देह ठेवला. लोकमान्य बोटीवर आहेत, इंग्रज पत्रकार चिरोलवर भरलेल्या खटल्यासाठी विलायतेच्या वाटेवर. दोन आठवड्यांत मेसोपोटेमियातल्या शरकतला मराठे तुर्कांशी शेवटची मोठी लढाई लढतील. ३० ऑक्टोबरला तुर्कस्तान शस्त्रं खाली ठेवील, ११ नोव्हेंबरला जर्मनी. साडेचार कोसांवरचं सांगावं तशी ही बातमी चावडीवर कुणीतरी केसरीतून वाचून दाखवील. ऐकणारे थोडे असतील. महायुद्धात हिंदुस्थानचे सत्तर-एक हजार शिपाई पडले. मानमोडीने या देशातली कोटीच्या वर माणसं नेली. पुढे साताऱ्याच्या कितीतरी गावांत युद्धावर गेलेल्यांच्या नावाने संगमरवरी पाट्या लागल्या. तापात गेलेल्यांची पाटी मी कुठे पाहिलेली नाही, आणि ते मला सलतं.

कार्तिकी एकादशीच्या सुमारास तुम्ही पुन्हा त्याच दारात उभे आहात. पोस्टमन बसऱ्याहून आलेली मनीऑर्डर घेऊन आलाय. आईच्या नावाने हाक मारतो. पोरगी बाहेर येते. तो तिच्या तोंडाकडे बघतो, शाईची डबी मिटतो आणि कागद पिशवीत परत ठेवतो.

"दादा," ती विचारते, "बाला पत्र कुनाकडनं लिवून घ्यायचं?"