ताणाचा हिशेब

शिडाच्या नौकांचा इतिहास आपण बहुधा प्रवासांच्या आणि लढायांच्या अंगाने वाचतो. डोलकाठी उभी कशी राहते, हा प्रश्न त्यात क्वचितच येतो. मला मात्र तो या इतिहासाच्या मुळाशीच आहे असे वाटते.

अरबी समुद्रातल्या जुन्या गलबतांवर डोलकाठीचे बाजूचे दोर कायमचे बांधलेले नसत. वारा ज्या बाजूचा, त्या बाजूला ते नेऊन आवळत. युरोपीय जहाजांवर हे दोर जागच्या जागी असत; पण वनस्पतींच्या तंतूंचे दोर भिजले की आखडत आणि सुकले की सैल पडत. ते पुन्हापुन्हा ताणणे हे खलाशांचे न संपणारे काम होते. १८३४ मध्ये जर्मनीतल्या हार्झ डोंगरातील खाणींसाठी विल्हेल्म आल्बर्ट यांनी तारेचा दोर तयार केला. पुढे तो जहाजांवर आला आणि ताण मोजता येऊ लागला.

आजच्या प्रवासी नौकेवर आधी डोलकाठीच्या टोकापासून दोन्ही काठांपर्यंतचे अंतर सारखे करतात. मग दोन्ही बाजूंचे टर्नबकल आळीपाळीने, सारखेच फेरे देत आवळतात. एकोणीस तंतूंच्या पोलादी तारेचा दोन मीटरचा तुकडा एक मिलिमीटर लांबला, तर तिच्यावर तुटण्याच्या भाराच्या ५ टक्के ताण आला असे समजतात. तीन मिलिमीटर म्हणजे १५ टक्के. तंबोऱ्याच्या तारा कानाने लावतात, या मोजपट्टीने. शेवटची परीक्षा पाण्यावर होते. नौका कलल्यावर वाऱ्याच्या उलट बाजूच्या तारा थोड्या सैलावाव्यात, पण लोंबू नयेत. ताण कमी पडला, तर प्रत्येक लाटेला डोलकाठी हिसका खाते आणि धातू थकतो. जास्त झाला, तर ती नौकेच्या अंगातच दाबली जाते.

या हिशेबाचा खरा कस लागतो तो जगप्रदक्षिणेत. मुंबईत बांधलेल्या ‘सुहैली’ या सागवानी नौकेतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी निघाले आणि ३१२ दिवसांनी, कुठेही न थांबता, एकटे परतले. त्या शर्यतीतल्या नऊ जणांपैकी तेवढेच ती पूर्ण करू शकले.

पन्नास वर्षांनी तिच्या स्मरणार्थ पुन्हा शर्यत झाली. ‘सुहैली’च्याच धर्तीवर गोव्यात बांधलेली ‘तुरिया’ घेऊन भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी तीत उतरले. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात नौका पूर्ण उलटून सरळ झाली, डोलकाठी मोडली आणि टॉमींच्या पाठीला गंभीर इजा झाली. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले. यावरून ताण चुकला होता असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. डोलकाठी पाण्याखाली जाते तेव्हा भार ज्या दिशांनी येतो, त्या कोणत्याच हिशेबात धरलेल्या नसतात. त्या शर्यतीत एकूण पाच डोलकाठ्या पडल्या.

जिंकले ते ७३ वर्षांचे ज्याँ-ल्यूक व्हान डेन हीड. त्यांनी निघण्यापूर्वीच आपली डोलकाठी दीड मीटरने तोकडी करून घेतली होती. म्हणजे वेगाचा थोडा वाटा त्यांनी आधीच सोडून दिला होता. तरीही नोव्हेंबरमध्ये नौका आडवी झाली, खालच्या तारांचा बोल्ट डोलकाठी चिरत काही सेंटीमीटर खाली सरकला आणि तारा ढिल्या पडल्या. भर समुद्रात पुन्हापुन्हा वर चढून त्यांनी तो जोड दोराने आवळून घेतला. २९ जानेवारी २०१९ रोजी, २११ दिवसांनी, ते किनाऱ्याला लागले. पोलादी तारांच्या युगातही त्यांना शेवटी तारले ते जुन्या खलाशांच्या त्याच कामाने : सैल पडलेले पुन्हा ताणण्याच्या.