बेनला कोणी मारलं?

१६ मे २०११ रोजी अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे साथरोगांवर नजर ठेवणाऱ्या गंभीर सरकारी संस्थेने, झॉम्बी आले तर काय तयारी हवी याची यादी नेटवर टाकली. माणशी दिवसाला एक गॅलन (साधारण पावणेचार लिटर) पाणी, टिकाऊ खाणं, औषधं, बॅटरीवरचा रेडिओ, चिकटपट्टी, महत्त्वाची कागदपत्रं. घरच्यांनी कुठे भेटायचं ते आधीच ठरवा, पोलिसांचा आणि अग्निशमन दलाचा नंबर लिहून ठेवा. यात खास झॉम्बींसाठी असं काहीच नव्हतं. हीच यादी चक्रीवादळाला चालते, भूकंपालाही, पण एरवी ती फारसं कोणी उघडून बघत नाही. या वेळी इतकी गर्दी झाली की सर्व्हर बसला. (लोड टेस्टिंग न केल्याचं इतकं गोड उदाहरण मला तरी दुसरं माहीत नाही.)

कल्पना हुशार होती, मला आवडतेही. फक्त झॉम्बी हा काही रिकामा डबा नाही, की त्यात हवं ते संकट भरावं. त्याच्यासोबत त्याचा जुना इतिहासही येतो.

झॉम्बी मूळचा हैतीचा. फ्रेंचांच्या काळात तिथल्या उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबून मरत. मेल्यावर आत्मा आफ्रिकेला, आपल्या घरी परततो, अशी त्यांची श्रद्धा होती. झॉम्बी म्हणजे ज्याची तीही सुटका हिरावली गेली, तो. मेल्यानंतरही मालकासाठी खपणारा. म्हणजे भीती झॉम्बी चावेल ही नव्हतीच, आपण झॉम्बी होऊ ही होती. १९१५ ते १९३४ हैती अमेरिकी फौजांच्या ताब्यात होतं. त्याच काळात ही गोष्ट अमेरिकेत पोचली आणि १९३२ साली ‘व्हाइट झॉम्बी’ हा चित्रपट आला. त्यात साखर कारखान्यात झॉम्बी राबतात. एक जण यंत्रात पडतो, बाकीचे काम थांबवत नाहीत.

मग जॉर्ज रोमेरोने ही गोष्ट पार फिरवली. त्याआधी अमेरिकेत आणखी एक गोष्ट घडली होती. १९६१ साली केनेडींनी लोकांना अणुहल्ल्यापासून वाचण्यासाठी निवारे तयार ठेवायला सांगितलं, आणि ऐन वेळी शेजारी आपल्या निवाऱ्यात घुसू लागला तर त्याला गोळी घालावी का, यावर देशात खरोखरच जाहीर वाद झाला. १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये हीच घालमेल दिसते. एका घरात काही माणसं अडकली आहेत, बाहेर मुडदे. कूपर म्हणतो तळघरात कडी लावून बसू. बेन म्हणतो वरच राहू, तळघर म्हणजे सापळा. दोघांचं भांडण मुडद्यांपेक्षा जास्त नुकसान करतं. शेवटी उरतो एकटा बेन, आणि तोही तळघरात लपल्यामुळेच. सकाळी तो खिडकीशी येतो आणि मुडदे मारत फिरणारी बंदूकधारी टोळी त्यालाच मुडदा समजून गोळी घालते. (चित्रपट १९६८चा आहे, स्पॉयलरची तक्रार चालणार नाही.) बेनचं काम करणारा ड्वेन जोन्स कृष्णवर्णीय होता, गोळी घालणारे गोरे.

वितरकाने चित्रपटाचं नाव बदलताना नव्या पाटीवर कॉपीराइटची ओळ टाकलीच नाही. तेव्हाच्या कायद्यानुसार चित्रपट सगळ्यांचा झाला. एका ओळीच्या चुकीने झॉम्बी जणू ओपन सोर्स झाला! पुढच्या असंख्य चित्रपटांनी आणि गेम्सनी बंद दार घेतलं, बंदूक घेतली, साठवलेले डबे घेतले. बेनची सकाळ मात्र बहुतेकांनी सोडून दिली. २०२२ च्या आपल्या ‘झोंबिवली’त निदान एका बाजूला टॉवर, दुसऱ्या बाजूला वस्ती आणि मधे पाणी आहे, म्हणून तो मला नुसत्या विनोदापेक्षा बराच वरचा वाटतो.

आता २००५ घ्या. २९ ऑगस्टला कॅटरिना वादळ आलं आणि न्यू ऑर्लिन्स बुडालं. शहरात लुटालूट माजल्याच्या अफवा पाण्यापेक्षा वेगाने पसरल्या. १ सप्टेंबरला नदीपलीकडच्या ग्रेटना गावाच्या पोलिसांनी पूल अडवला आणि चालत बाहेर पडू पाहणाऱ्यांच्या डोक्यावरून गोळ्या झाडल्या. ४ तारखेला डँझिगर पुलावर न्यू ऑर्लिन्सच्याच पोलिसांनी निःशस्त्र माणसांवर गोळीबार केला. दोघे मेले, त्यांतला एक सतरा वर्षांचा, दुसरा चाळिशीचा आणि मतिमंद. चौघे जखमी झाले. मेलेले दोघेही कृष्णवर्णीय. नंतर पोलिसांनी खोटा अहवाल रचला.

यांपैकी पाच पोलिसांना ज्युरीने दोषी ठरवलं ते ऑगस्ट २०११ मध्ये, सीडीसीच्या यादीनंतर तीन महिन्यांनी. तो निकाल २०१३ मध्ये रद्द झाला. २०१६ मध्ये त्या पाच जणांनी स्वतःच गुन्हा कबूल केला.