संगणकाचे दप्तर : मांडणीचा इतिहास

नवी हार्ड डिस्क अथवा पेनड्राइव्ह संगणकाला जोडून ‘फॉरमॅट’ करावयास घेतली म्हणजे पडद्यावर एक लहानशी चौकट उघडते आणि तीत विचारले जाते : फाइल सिस्टिम कोणती हवी? विंडोजवर फॅट३२, एक्सफॅट, एनटीएफएस अशी नावे दिसतात; मॅकवर एपीएफएस, लिनक्सवर एक्स्ट४. बहुतेक लोक जे नाव आधीच निवडलेले असते तेच कायम ठेवतात व पुढे जातात. यात त्यांना दोष देण्याचे कारण नाही. ही नुसती आद्याक्षरे आहेत, आणि त्यांच्यामागे पन्नासएक वर्षांचा इतिहास उभा आहे हे कोणी सांगितल्यावाचून कळावे कसे? तो इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडणार आहो. या यादीतील प्रत्येक नाव म्हणजे त्या त्या काळी केलेली एक तडजोड होय. आणि तडजोड कशाची होती हे ठाऊक नसले, म्हणजे तिची किंमत आपल्या कागदपत्रांना, छायाचित्रांना, घरच्या चलच्चित्रांना मोजावी लागते, एवढेच आमचे प्रतिपाद्य आहे.

प्रथम मूळ गोष्ट स्पष्ट करू. डिस्कला पत्र, हिशेब किंवा चित्र यांतले काहीच कळत नाही. तिच्यापाशी असतात ते केवळ क्रमांक घातलेले लक्षावधी गाळे. कोणते लिखाण कोणत्या गाळ्यांत ठेवले, त्याचे नाव काय, ते केव्हा लिहिले, कोणते गाळे मोकळे आहेत, ही सारी नोंद कोठेतरी ठेवावी लागते. ती ठेवण्याची ठरलेली रीत म्हणजेच फाइल सिस्टिम. आणि फॉरमॅट करणे म्हणजे त्या रीतीची कोरी नोंदवही डिस्कवर आखून घेणे. म्हणूनच ‘क्विक फॉरमॅट’ क्षणार्धात उरकते : आत वही तेवढी नवी होते, फिरत्या तबकडीच्या डिस्कवर जुने लिखाण, त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत, बहुतांशी जागच्या जागी असते. जुनी डिस्क विकावयास काढणाऱ्याने ही गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. तसेच एक रीत सोडून दुसरी घ्यावयाची तर साधारणतः सारी डिस्क रिकामी करावी लागते. तेव्हा निवड करावयाची ती आरंभीच.

या रीतींतील सर्वांत दीर्घायुषी घराणे फॅटचे. १९७७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टमधील मार्क मॅकडॉनल्ड यांनी बेसिक भाषेच्या एका आवृत्तीसाठी ही युक्ती योजिली. युक्ती मोठी सोपी होती. प्रत्येक गाळ्यामागे एक घर असा तक्ता आखावयाचा व त्या घरात पुढच्या गाळ्याचा क्रमांक लिहावयाचा. नावाच्या यादीवरून पहिला गाळा समजतो. तक्त्यात पाहिले की दुसरा, मग तिसरा, असे करीत शेवटच्या खुणेपर्यंत जावे. १९८० साली सिअ‍ॅटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स येथे टिम पॅटर्सन यांनी आपल्या ८६-डॉसमध्ये हीच कल्पना घेतली. मायक्रोसॉफ्टने ते डॉस विकत घेतले आणि ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमच्या पर्सनल कॉम्प्युटरबरोबर ते जगभर पसरले. त्या वेळची फ्लॉपी १६० किलोबाइटची. तिच्यासाठी तक्त्याचे घर बारा बिटांचे पुरेसे होते आणि नावासाठी आठ अक्षरे व शेपटाची तीन अक्षरे. ही आठ-तीनची रीत गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एमवरून चालत आलेली होती.

पुढला इतिहास हा त्या तक्त्याची घरे वाढविण्याचा इतिहास आहे. १९८३ साली पीसी-एक्सटीबरोबर १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली व डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीने फोल्डरात फोल्डर ठेवण्याची सोय केली. १९८४ मध्ये घरे सोळा बिटांची झाली. सोळा बिटांत ६५,५३६ आकडे मावतात. त्याहून अधिक गाळे मोजता येत नाहीत. म्हणून डिस्क मोठी झाली की गाळाच मोठा करणे भाग पडे. दोन गिगाबाइटच्या डिस्कवर एकेक गाळा ३२ किलोबाइटचा होई आणि चार ओळींच्या पत्रालाही तो सबंध द्यावा लागे. ही नासाडी थांबावी म्हणून १९९६ साली फॅट३२ आले. परंतु त्यातही फाइलचा आकार लिहिण्याची जागा बत्तीस बिटांचीच राहिली. त्यामुळे एक फाइल ४,२९४,९६७,२९५ बाइटांपलीकडे, म्हणजे चार गिगाबाइटांपलीकडे, जाऊ शकत नाही. आज लग्नाचे चित्रीकरण पाच गिगाबाइटचे असले आणि पेनड्राइव्हवर साठ गिगाबाइट मोकळे असले, तरी ‘फाइल फार मोठी आहे’ असे उत्तर मिळते. ती तक्रार जागेविषयी नसून आकडा लिहिण्याच्या रकान्याविषयी असते.

रकान्याचा प्रश्न आपल्या भाषेलाही भिडलेला आहे. आठ अक्षरांच्या काळात देवनागरी नावाला फाइलींच्या यादीत स्थान नव्हते. ‘आईची पत्रे’ हे रोमन लिपीत, तेही आठ अक्षरांत कोंबून लिहावे लागे. १९९५ साली विंडोज ९५ बरोबर २५५ अक्षरांपर्यंत लांब नावे आली, आणि ती डिस्कवर युनिकोडमध्ये लिहिली जाऊ लागली. पुढे विंडोज २००० ने मराठीची सोय केली तेव्हा त्या जागेचा उपयोग झाला. उलट लिनक्सच्या एक्स्ट४ वर मर्यादा २५५ अक्षरांची नसून २५५ बाइटांची आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तेथे तीन बाइट घेते, आणि काना, वेलांटी, मात्रा यांची गणना स्वतंत्र होते. म्हणजे मराठी नाव पंच्याऐंशी चिन्हांत संपवावे लागते. लांबलचक मराठी नावे असलेल्या फाइली विंडोजवरून लिनक्सवर नेताना कधी कधी अडतात, त्याचे कारण हे.

फॅटचा दुसरा दोष अधिक गंभीर आहे. फाइल लिहिताना नावाची यादी आणि तक्ता अशा दोन ठिकाणी नोंद करावी लागते. एक नोंद झाली आणि दुसरी व्हावयाच्या आत वीज गेली, तर दोहोंचा मेळ बसत नाही आणि साखळीचे धनी नसलेले तुकडे मागे राहतात. यावरचा उपाय आपल्या पेढीवरच्या मुनिमाला पूर्वीपासून ठाऊक होता. खतावणीला हात लावण्यापूर्वी व्यवहार कीर्दीत मांडावयाचा. मध्येच खंड पडला तर कीर्द पाहून खतावणी पुरी करावयाची. जुलै १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आलेल्या एनटीएफएसने हीच शिस्त पाळली. लिनक्सकडे १९९२ मध्ये रेमी कार्ड यांनी एक्स्ट व १९९३ मध्ये एक्स्ट२ रचले होते. त्याला कीर्दीची जोड स्टीफन ट्वीडी यांच्या एक्स्ट३ ने दिली आणि २००१ साली ते लिनक्समध्ये दाखल झाले. अ‍ॅपलच्या एचएफएस प्लसला ही सोय २००२ मध्ये मिळाली. अशा रीतीने तिन्ही घरांनी एकच शहाणपण स्वीकारले. मात्र ही कीर्द मुख्यतः मांडणीचे रक्षण करते. वीज जाताना जी ओळ लिहिली जात होती ती वाचेलच असे नव्हे. त्यासाठी दुसरी प्रत ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

येथे इतिहासातील खरी मौज आहे. एनटीएफएस, एक्स्ट४ आणि २०१७ साली अ‍ॅपलने आणलेले एपीएफएस या तिन्ही रीती फॅटपेक्षा सर्व दृष्टींनी सुरक्षित आहेत. परंतु त्या एकमेकींच्या घरी परक्या आहेत. मॅक एनटीएफएस वाचतो, पण स्वतः होऊन तीवर लिहीत नाही. विंडोज एक्स्ट४ किंवा एपीएफएस आपण होऊन उघडत नाही. पेशवे दप्तरातील रुमाल सुरक्षित आहेत, पण मोडी येत नसेल त्याला त्यांचा उपयोग नाही. तशातलाच हा प्रकार. ज्या फॅटमध्ये सारे दोष सांगितले, ते मात्र कॅमेऱ्यापासून मोटारीतील गाण्याच्या यंत्रापर्यंत सर्वत्र वाचले जाते. आजच्या संगणकाला सुरू होताना लागणारा यूईएफआयचा लहानसा विभागही फॅटचाच असतो. फॅट टिकले ते गुणांच्या श्रेष्ठतेने नव्हे. ते सर्वांना येत होते म्हणून टिकले.

परंतु सर्वांना येणे आणि सर्वांचे असणे या भिन्न गोष्टी होत. फेब्रुवारी २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने टॉमटॉम या डच कंपनीवर दावा लावला. लांब नावे फॅटमध्ये बसविण्याच्या युक्तीवरील पेटंटेही त्या दाव्यात होती. महिनाभरात तडजोड झाली व टॉमटॉमने पैसे देण्याचे मान्य केले. जी रीत जगाची बोली झाली होती तिच्यावर मालकी सांगता येते, हे त्या वेळी अनेकांच्या प्रथमच ध्यानी आले. २००६ साली आलेल्या एक्सफॅटची कथाही अशीच. चार गिगाबाइटांची अडचण त्याने दूर केली, आणि २००९ मध्ये ३२ गिगाबाइटांवरील एसडीएक्ससी कार्डांसाठी तेच प्रमाण ठरले. पण त्याची रचना मायक्रोसॉफ्टच्या परवान्यात अडकलेली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीने ती प्रसिद्ध केली, त्याच वर्षी लिनक्समध्ये तिचा प्रवेश झाला, आणि मगच एक्सफॅट खऱ्या अर्थाने सामायिक झाले. लिपी सार्वजनिक होण्यासाठी नुसता वापर पुरत नाही, तिचे व्याकरण खुले असावे लागते, हा या प्रकरणाचा बोध आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. चौकटीतील ते नाव निवडताना आपल्याला दोन गोष्टी ठरवावयाच्या असतात : ही नोंद कोण वाचणार, आणि अपघात झाला तर तिचे काय होणार. जी डिस्क एकाच संगणकात कायमची राहावयाची, तिला त्या घरची रीत द्यावी : विंडोजला एनटीएफएस, लिनक्सला एक्स्ट४, मॅकला एपीएफएस. जी दहा हातांतून फिरावयाची तिला एक्सफॅट. आणि जुन्या यंत्राशी गाठ असेल तर, चार गिगाबाइटांची मर्यादा पत्करून, फॅट३२. मात्र एक्सफॅटमध्येही कीर्द नाही हे विसरू नये. लिहिणे चालू असता पेनड्राइव्ह उपसून काढणाऱ्याला ते वाचवू शकणार नाही. फिरत्या डिस्कवरील प्रत ही एकुलती एक प्रत असू नये.

आपल्या आजोबांचे कागद पेटीत होते. ते उघडावयास किल्ली पुरे होती. आपल्या नातवंडांना आपले कागद उघडावयास किल्लीबरोबर लिपीही लागेल. ती लिपी कोणती असावी, हे त्या लहानशा चौकटीत आपण आज ठरवीत असतो.