सेंद्रिय द्राक्षबाग आणि मोरचुदाचा हिशेब

सेंद्रिय शेतीवर पीएचडी करायचं मनात असेल, तर सिनॉप्सिस लिहायच्या आधी एका जुन्या वाइनबागेची गोष्ट वाचा. बाग फ्रान्समधली आहे, पण तिच्यातून निघणारा प्रश्न आपल्याला पुण्यातच आणून सोडतो.

बोर्दो प्रांतात पोयाक गावाजवळ शातो पोंते-काने ही अठराव्या शतकातली बाग आहे. 1855 च्या प्रसिद्ध वर्गवारीत तिचं नाव आहे. 1975 मध्ये ती तेसरों कुटुंबाने घेतली आणि 2004 मध्ये आल्फ्रेद तेसरों यांनी तिथे बायोडायनॅमिक शेती सुरू केली. ही सेंद्रियच्याही एक पाऊल पुढची पद्धत. 2007 चा हंगाम मात्र ओला गेला. केवडा, म्हणजे आपले बागायतदार ज्याला डाऊनी म्हणतात तो रोग, बागेत पसरला. पीक हातचं जाताना बघून तेसरोंनी रासायनिक फवारणी केली, आणि सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी मोजलेली वर्षं पुन्हा शून्यावर आली. प्रमाणपत्र मिळालं 2010 मध्ये. 2018 मध्ये केवडा पुन्हा आला. या वेळी ते मागे हटले नाहीत. जवळपास दोन तृतीयांश पीक गेलं.

इथे आपण पटकन म्हणतो, 'पूर्वी रसायनं नव्हती, तेव्हा कसं पिकत होतं?' प्रश्न चांगला आहे, पण उत्तर इतिहासात आहे. पूर्वी तिथे केवडाच नव्हता! तो मूळचा अमेरिकेतला. फिलॉक्सेरा या किडीने युरोपातल्या बागा संपवल्या, तेव्हा तिला दाद न देणारे अमेरिकी वेल खुंटासाठी आणले गेले. त्यांच्याबरोबर केवडा आला. फ्रान्समध्ये तो 1878 मध्ये नोंदला गेला. युरोपियन वेलीची या रोगाशी कधी गाठच पडली नव्हती.

मग 1882 मध्ये, पोयाकच्या शेजारच्याच सें-ज्युलियें गावात, प्राध्यापक मिलार्दे यांना एक गंमत दिसली. वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना मारला होता, आणि नेमकी तीच पानं शाबूत होती. 1885 पर्यंत त्यातून बोर्डो मिश्रण तयार झालं. आजही सेंद्रिय द्राक्षबागेचा मुख्य आधार तांबंच आहे. पण तांबं कुजत नाही, मातीत साठतं आणि गांडुळांना त्रास देतं. म्हणून युरोपीय संघाने 2019 पासून मर्यादा घातली: सात वर्षांत हेक्टरी 28 किलो.

आता आपल्याकडे या. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. परतीचा पाऊस लांबला की गोडी छाटणीनंतरच्या कोवळ्या फुटीवर केवडा बसतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने यावर वेगळ्या दिशेने काम केलं. कॅटावबा ही अमेरिकी कुळातली जात आणि ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून त्यांनी एआरआय-516 हा वाण तयार केला. तो बुरशीजन्य रोगांना प्रतिकारक आहे. रस, जाम आणि रेड वाइनसाठी चालतो. म्हणजे रोग ज्या खंडातून आला, प्रतिकारशक्तीही तिथल्याच वेलीतून घेतली.

तेसरोंना हा मार्ग सोपा नाही. बाटलीवर बोर्दोचं नाव हवं, तर ठरवून दिलेल्या जातीच लावाव्या लागतात. जुन्या नावाची किंमत ते पिकातून मोजतात. आपल्या शेतकऱ्याला ते बंधन नाही. त्याला बाजार सांभाळावा लागतो, आणि नवी चव स्वीकारायला बाजार वेळ घेतो.

म्हणून 'सेंद्रिय विरुद्ध रासायनिक' एवढाच तक्ता मांडून थांबू नका. वाण कोणता, रोग तिथे कधी आला, हेक्टरी तांबं किती किलो पडलं, हे तीन रकाने आधी आखा. ते नसतील तर दोन बागांची तुलना करून हाती काय लागलं, हे तुम्हालाच सांगता येणार नाही.